रिटर्नखालचा कंस

पैज लागली ती कंसावरनं. आणि मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना वाटलं, हे भांडण मथुरेच्या कंसाचंच आहे.

रविवारची सकाळ होती. तालमीच्या कट्ट्यावर कृष्णात बनियनवर बसला होता, हातात चहाची बशी. समोर संग्राम आपली मोटारसायकल धूत होता. ती मोटारसायकल तो रोज कृष्णातच्या खिडकीखालीच लावायचा. जागा तिथंच होती, दुसरीकडं कुठं लावणार? पण कृष्णातला वाटायचं, आपल्याला दिसावी म्हणूनच लावतोय.

"कंस खालीच पायजे," कृष्णातनं बशी कट्ट्यावर आपटली.

"वर पायजे, दादा," संग्रामनं चाकावर पाणी मारलं. "उगंच एक ओळ कशाला वाया घालवायची?"

"ओळ काय तुझ्या शेतातली हाय व्हय रं?"

नळावर घागर भरणाऱ्या धोंडुबाईला राहवेना. "आरं बाबांनो, वर काय आन् खाली काय, त्येला किस्नानं कवाच मारला न्हवं? सकाळच्या पारी मेलेल्याचं नाव कशाला काढतासा?"

आता हा कंस म्हणजे शाळेतला महिरपी कंस. हे दोघं शेजारी राजारामपुरीतल्या एकाच कॉम्प्युटरच्या ऑफिसात कामाला होते. दूध संघांचे प्रोग्रॅम लिहायचे, जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत. त्या भाषेत एखादं काम सुरू झालं की एक उघडा कंस टाकायचा आणि काम संपलं की मिटता कंस. एवढं सगळ्यांना मान्य. वाद एवढाच, की उघडा कंस त्याच ओळीच्या शेवटाला टाकायचा, का खाली एंटर मारून स्वतंत्र ओळीवर. संग्राम वर टाकायचा, कृष्णात खाली. कॉम्प्युटरला दोन्ही चालायचं. या दोघांना चालत नव्हतं.

"खाली असला की दोन्ही कंस एकाखाली एक येत्यात," कृष्णात धोंडुबाईला समजावू लागला. "दाराचा उंबरा जसा, तसं. घर कुठं सुरू होतंय, लांबनं कळतंय."

"मग वर टाकल्यावर काय घर पडतंय व्हय?" धोंडुबाईनं विचारलं, आणि संग्राम खदाखदा हसला. कृष्णातला ते हसणं लागलं.

तेवढ्यात आकाराम आला. आकारामचं कोपऱ्यावर डिजिटल बोर्डचं दुकान. गल्लीत कुणाचा वाढदिवस असो, कुणाची निवड असो, नाहीतर कुणाच्या म्हशीनं पहिला नंबर काढलेला असो, आकारामच्या दुकानातनं बोर्ड निघाल्याशिवाय लोक ते खरं धरत नसत. भांडण दिसलं की त्याला धंदा दिसायचा.

"नुसतं बोलतासा काय? पैज लावा की मर्दांनो," तो म्हणाला. "हरंल त्यानं कोपऱ्यावर डिजिटल लावायचा. जिंकणाऱ्याचा फोटो हत्तीएवढा. हरणाऱ्याचा खाली पोस्टाच्या तिकिटाएवढा, हात जोडलेला. मजकूर जिंकणाऱ्यानं द्यायचा. हरणाऱ्यानं शिडीवर चढून स्वतः बांधायचा, आन् चौकाला ऐकू जाईल असा वाचून दावायचा."

"आन् जिंकलं कोण ते कळायचं कसं?" धोंडुबाईची घागर भरून वाहत होती, पण ती हलेना.

कृष्णातनं मिशीवरचा चहा पुसला. शनिवारीच ऑफिसच्या मालकीणबाई, राजनंदिनी मॅडम, म्हणाल्या होत्या की आता सगळ्यांचा कोड एकाच पद्धतीनं पाहिजे, सोमवारी ठरवू. "जोतिबाची यात्रा झाली की बघायचं," तो म्हणाला. "आमच्या ऑफिसात कंस कुठं हाय. वर असंल तर मी हरलो, खाली असंल तर ह्यो."

"चाललं," संग्राम म्हणाला आणि आरसा पुसायला लागला. सगळं मन आरशात. पैजेत नाही.

हेच ते. संग्रामचं हे असलं वागणं कृष्णातच्या पोटात बरोबर दोन वर्षं दुखत होतं.

कृष्णात गल्लीतला पहिला कॉम्प्युटरवाला. त्र्याण्णव साली क्लास लावला तेव्हा लोक त्याला बघायला यायचे. अठ्ठ्याण्णवला त्यानं काळ्या पडद्यावर दुधाचं गणित बसवलं, तेव्हा तालमीनं नारळ देऊन त्याचा सत्कार केला. "कृष्णातला विचारा" ही गल्लीतली म्हणच होती. कुणाचा टीव्ही बिघडला तरी कृष्णातला विचारायचे. मग पुण्याची नोकरी सोडून हा संग्राम माघारी आला, शेजारच्याच घरात राहिला, त्याच ऑफिसात लागला, आणि लोक "संग्रामला विचारा" म्हणायला लागले. टीव्हीचं सोडा, बायकोसुद्धा.

ललिता स्वतःची बायको. तीही परवा म्हणाली, "संग्रामभावजींना विचारू का वो, मोबाईलवर गाणी कशी भरायची?"

"मी काय मेलोय व्हय?"

"तुमी शिकवताना वरडतासा."

त्या रविवारी तिनं मटण केलं तर पांढऱ्या रश्शाची पहिली वाटी भिंतीवरनं संग्रामकडं गेली. "पावणा माणूस एकटाच हाय, बायको माहेरला गेल्या," म्हणाली. दोन वर्षं झाली तरी पावणाच? कृष्णातनं रस्सा खाल्ला, पण चव लागली नाही. वाटी परत आली तेव्हा चाटूनपुसून धुतलेली होती, वर दोन आंबे ठेवलेले. आंबे गोड निघाले, हे आणि वाईट.

पण खरी आग वेगळीच होती, आणि ती कृष्णातनं कुणाला सांगितली नव्हती. ऑफिसात कुणी नसताना तो संग्रामच्या फाईली उघडून वाचायचा. चुका काढायला बसायचा आणि वाचतच राहायचा. असा कोड, जसा इस्त्रीचा शर्ट. काय चाललंय ते पहिल्या वाचनात कळायचं. कृष्णातचा स्वतःचा कोड चालायचा पक्का, म्हशीसारखा, पण सहा महिन्यांनी उघडला की त्यालाही ओळखू यायचा नाही. मग तो संग्रामची फाईल मिटायच्या आधी सगळे कंस खाली आणून ठेवायचा. मांजर कसं दुसऱ्याच्या अंगणात जाऊन घाण करून येतं, तसं. सकाळी संग्राम यायचा, काही न बोलता कंस वर न्यायचा. संध्याकाळी कृष्णात खाली.

सोमवारी मॅडमनी हेच सगळं पडद्यावर लावून दाखवलं.

"ह्या एका फाईलीत गेल्या आठवड्यात चारशे ओळी बदलल्या," राजनंदिनी मॅडम म्हणाल्या. "काम किती बदललं? शून्य. संग्रामनं कंस वर नेले, कृष्णातरावांनी खाली आणले. तुम्ही प्रोग्रॅम लिहिताय का कबड्डी खेळताय?"

दोघांनीही एकदमच आपापल्या वह्या उघडल्या.

"ह्या गोंधळात खरी दुरुस्ती कुठली झाली तेच सापडत नाही. आता माणसानं हात लावायचा नाही. स्क्रिप्ट लावायची. कोड सर्व्हरवर चढवायला गेलं की स्क्रिप्टनं तो मधल्यामध्ये विंचरायचा, एका साच्यात बसवायचा आणि मगच आत घ्यायचा. कुणीही लिहू दे, कसाही लिहू दे, दिसायला एकच दिसला पाहिजे. शाळेच्या गणवेशासारखा."

"ती स्क्रिप्ट लिहायची कुणी?" कृष्णातनं विचारलं. संग्रामचं नाव येणार, याची त्याला खात्रीच होती.

"तुम्ही. सिनियर आहात. साचाही तुम्हीच ठरवा. फक्त एक, गिऱ्हाईकाची तक्रार येता कामा नये."

कृष्णातला वाटलं, आत्ताच्या आत्ता गुलाल आणावा. जन्मभर ह्या संग्रामनं कसाही लिहू दे, शेवटी दिसणार कृष्णातचं! मॅडमसमोर त्यानं गंभीर तोंड केलं आणि जिन्यात येऊन मिशांना पीळ दिला.

संग्राम मागनं आलाच. "दादा, अभिनंदन. कंस खाली आण, टॅब मारून ओळी आत सरकव, तुला पायजे तसं कर. फक्त एक ऐक. रिटर्नच्या फुडचा कंस तेवढा खाली आणू नको."

कृष्णात थांबला. पोटातलं आलं का ओठावर! पैज हरणार म्हटल्यावर एखादा तरी कंस आपला वर राहावा, म्हणजे कोपऱ्यावर सांगायला मोकळा की सगळे काही खाली न्हाईत.

"एक बी सोडणार न्हाय," तो म्हणाला.

"आरं, तसं न्हवं. जावास्क्रिप्टची एक खोड हाय, रिटर्न लिहून तू एंटर मारलास की—"

"तू मला जावास्क्रिप्ट शिकवतोस व्हय रं? तू गल्लीत गोट्या खेळत होतास तवा मी काळ्या पडद्यावर फॅट काढत होतो."

"ते हायच की दादा. पण—"

"एंटर मारला की काय हुतंय? बोट दुखतंय?"

संग्रामनं हात वर केले. "बरं बाबा. तुझी मर्जी."

रिटर्न म्हणजे, काम झालं, निघालेलं उत्तर परत दे, असा हुकूम. आता ही गोष्ट खरी, की त्र्याण्णवच्या क्लासात कृष्णात ज्या भाषा शिकला, त्यांत रिटर्न लिहून दहा एंटर मारले तरी बिघडत नव्हतं. सेमीकोलन, म्हणजे अर्धविराम, दिल्याशिवाय वाक्य संपायचंच नाही. त्या जुन्या जोरावरच तो जावास्क्रिप्ट लिहीत होता. आणि गंमत बघा, दोन वर्षांत रिटर्नपुढं कंस टाकायची वेळ त्याच्यावर आलीच नव्हती. त्याची आपली आकडेमोड, आकडा आला की परत दिला. कंसात नीटनेटक्या पुरचुंड्या बांधून उत्तरं परत द्यायची सवय संग्रामची.

चार दिवसांत स्क्रिप्ट तयार झाली. जिथं उघडा कंस दिसेल तिथनं तो उचलायचा आणि खालच्या ओळीवर ठेवायचा, सवलत कुणाला नाही. आणि कृष्णातच तो, नुसती स्क्रिप्ट लावून गप्प बसेल होय? त्यानं आत एक खोडी घालून ठेवली. दुसऱ्या कुणी कोड चढवला तर काही नाही, पण संग्रामनं चढवला की पडद्यावर यायचं: "शिस्त लावली आहे. दादांचे आभार मानावेत."

पहिल्यांदा ते आलं तेव्हा कृष्णात खांबाआड उभा राहून बघत होता. संग्राम वाचून एवढा हसला की खुर्ची मागं गेली. मग उठून आला, कृष्णातच्या टेबलावर लिमलेटची गोळी ठेवली आणि म्हणाला, "आभारी आहे, दादा. मशीन नाद खुळा झालंय."

गोळी कृष्णातनं ड्रॉवरात टाकली. चिडला असता तर काय बिघडलं असतं ह्याचं?

तरी पहिले काही दिवस मजेत गेले. कुठलीही फाईल उघडा, कंस खाली. सगळ्या ऑफिसाचं एकच अक्षर, आणि ते कृष्णातचं. गल्लीत तो आकारामच्या दुकानात जाऊन हत्तीएवढ्या फोटोसाठी कुठला फोटो द्यायचा ते बघून आला. गॉगल घातलेला, केस काळे असतानाचा, काढून ठेवला.

मग एका दुपारी त्याला नको ते दिसलं.

सवयीनं त्यानं संग्रामची फाईल उघडली. कंस खाली, टॅब कृष्णातचे, मोकळ्या जागा कृष्णातच्या. सगळा साज आपला. आणि तरीही वाचलं की पहिल्या झटक्यात कळत होतं. नावं सरळ, कामं लहान लहान, एकातनं दुसऱ्यात पाणी वाहावं तसं. शेजारी त्यानं स्वतःची फाईल उघडली. तेच कंस, तेच टॅब. आणि आत आपला तोच गुंता. आधी म्हणायला तरी होतं, की त्याचं दिसतं बरं, वर कंस टाकतो म्हणून. आता दोघांचा गणवेश एक झाला, आणि पोरगं कुणाचं हुशार ते उघड्यावर आलं.

त्यानं दोन्ही फाईली मिटल्या. पाणी प्यायला. गल्लीत आला तर मोटारसायकल खिडकीखाली, चकाचक.

"जेवायला वाढू?" ललितानं विचारलं.

"भूक न्हाय."

"मग संग्रामभावजींनी भडंग दिलाय, तो तरी खावा की."

"तू त्याच्याच घरात जाऊन ऱ्हा!" कृष्णात ओरडला, आणि ललिता त्याच्याकडं बघतच राहिली. मग तोंडाला पदर लावून हसायला लागली. म्हणाली, "आवो, कंस खाली आला न्हवं तुमचा? मग आता कशापायी जळतासा?"

हे विचारायला तिला कुणी सांगितलं होतं?

यात्रेला आठवडा राहिला आणि मॅडमनी दूध संकलनाचा नवीन प्रोग्रॅम कागलकडच्या एका गावच्या केंद्रावर चालू केला. म्हशीचं दूध घातलं, फॅट मोजलं, बटण दाबलं की चिठ्ठी बाहेर. दुसऱ्या दिवशी मॅडम ऑफिसचं दार उघडतायत तोवर फोन वाजायला लागला. मॅडमनी तो स्पीकरवर टाकला. केंद्राचा सेक्रेटरी "हॅलो" म्हणाला एवढंच ऐकू आलं, मग त्याच्या हातातनं फोन कुणीतरी ओढून घेतला.

"ओ कॉम्प्युटरवालं! मी शालूबाई बोलतो!" बाईंचा आवाज असा, की स्पीकर नसता तरी कागलहून आला असता. "चिठ्ठीवर माझं नाव हाय, लिटर हाय, आन् फॅटची ओळच न्हाय! कुठं गेलं माझ्या म्हशीचं फॅट?"

"बाई, जरा—" मॅडम म्हणाल्या.

"जरा न्हाय न् बिरा न्हाय! पस्तीस वर्सं म्हस राखतो मी! फॅट न्हाय म्हंजे मी पाणी घालतो म्हणतासा व्हय? रांगेत माझ्या मागं जाऊबाई उभी हाय, ती हसाय लागलीया!"

मागनं आणखी कुणीतरी ओरडलं, "माझ्या बी चिठ्ठीवर न्हाय!" मग तिसरा. सेक्रेटरीनं फोन परत मिळवला. "मॅडम, कुणाच्याच चिठ्ठीवर फॅट येत न्हाय. सगळी एकमेकाच्या किटलीत वाकून बघाय लागल्यात. दोघांची आयमाय निघाली. लवकर काय ते करा."

फोन ठेवून मॅडम वळल्या. "फॅट काढणारी फाईल कुणाची?"

कृष्णात त्या क्षणी जितका सुखी झाला तितका लग्नातही झाला नव्हता. "संग्रामची, मॅडम," तो म्हणाला. अर्ध्या सेकंदाचाही उशीर नाही. आवाजात दुःख ठेवायचा त्यानं प्रयत्न केला, पण मिशा हसत होत्या. "मी कालच म्हणणार हुतो, नीट तपासाय पायजे हुतं. पुण्याची मानसं जरा घाई करत्यात."

मॅडमनी फाईल उघडली आणि तिघं पडद्यापुढं वाकले. लहानसं काम होतं. फॅट मोजायचं, कंसात बांधायचं, आणि परत द्यायचं. एका ओळीवर एकटा रिटर्न. त्याच्या खालच्या ओळीवर उघडा कंस, आत फॅट.

कृष्णातच्या मिशा थांबल्या.

"हे असं कसं लिहिलंस रे, संग्राम?" मॅडम म्हणाल्या. "रिटर्न लिहून ओळ सोडली की जावास्क्रिप्टला वाटतं वाक्य संपलं. ती आपल्या मनानंच तिथं सेमीकोलन ठोकते आणि मोकळी होते. खालचं फॅट बेवारस. ओरडत पण नाही, चूक पण दाखवत नाही."

मग त्या जरा थबकल्या. "पण तू तर कंस वर टाकतोस."

संग्रामनं पडद्यावरच्या एकट्या रिटर्नवर बोट ठेवलं.

"स्क्रिप्टनं खाली आणला," संग्राम हळू म्हणाला.

"स्क्रिप्ट कुणाची?"

हे मॅडमना माहीत होतंच, पण त्यांनी विचारलं. कृष्णातनं मिशीवरचा हात खाली घेतला. "माजी."

"आणि हे लावायच्या आधी तुम्हा दोघांचं काही बोलणं झालं नव्हतं? संग्राम, तुला ही खोड माहीत नव्हती?"

आता कृष्णातच्या डोळ्यापुढं जिन्यातलं सगळं आलं. गोट्या, काळा पडदा, बोट दुखतंय. आता हा सांगणार. सांगायलाच पाहिजे, मी असतो तर कवाच सांगितलं असतं, वर मीठमसाला लावून.

संग्रामनं कृष्णातकडं बघितलं नाहीच. "माहीत हुती, मॅडम. पण सांगायचं ऱ्हायलं," तो म्हणाला. आणि वाकून कंस वर घेतला, स्क्रिप्टला बगल देऊन फाईल चढवली आणि केंद्रावर फोन लावला. थोड्या वेळानं शालूबाईचं फॅट निघालं. त्यांनी ते रांगेत सगळ्यांना दोनदा ऐकवलं, जाऊबाईला तीनदा, आणि फोन ठेवायच्या आधी संग्रामला "दूध प्यायला या पावणं" म्हणाल्या.

जाताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "कृष्णातराव, स्क्रिप्ट तुमची आहे. कशी दुरुस्त करायची ते तुम्हीच ठरवा. पण आजच."

दुपारी खालच्या चहाच्या गाड्यावर संग्रामनं दोन कटिंग सांगितले. कृष्णातला चहा नको होता, पण घेतला.

"खोटं कशाला बोललास?" त्यानं विचारलं.

"खोटं कुठं? सांगायचं ऱ्हायलंच की. तू ऐकलास कुठं?" संग्राम हसला. "सोड दादा. आता असं कर, रिटर्नपुरती सूट दे स्क्रिप्टला. दोन ओळींचं काम हाय. बाकीचे समदे कंस खालीच ऱ्हाऊ देत. यात्रा तोंडावर आल्या, पैज तुझीच."

"म्हंजे मी जिंकू म्हणतोस?"

"मग! मला काय पडलंय, दादा? कंस वर काय न् खाली काय, एकच पायजे एवढंच. ते तू केलास."

कृष्णातचा चहा हातातच राहिला. मला काय पडलंय! ज्या कंसासाठी आपण भिजल्या लाकडासारखे धुमसलो, रस्सा गोड लागला नाही, बायकोवर ओरडलो, ते सगळं एकट्यानंच केलं. समोरचा खेळतच नव्हता. दोन वर्षं आपण ज्याच्याशी कुस्ती धरली, तो माणूस आखाड्याच्या बाहेर उभा राहून शेंगा खात होता. ह्याच्याकडं सगळं आहे ते आहेच. वर जळायचं नाही, हे पण ह्यालाच जमतं. कृष्णातला त्याचाही हेवा वाटला.

तो वर गेला. स्क्रिप्ट उघडली आणि दोन ओळी टाकल्या: रिटर्न असेल तर कंस हलवू नको. चालवून बघितली. सगळं बरोबर. एवढं ठेवलं की झालं. हत्तीएवढा फोटो आपला, गॉगल घालून. संग्राम शिडीवर. सगळी गल्ली टाळ्या वाजवणार.

आणि संग्राम शिडीवर चढून हसणार. मनापासून. "अभिनंदन दादा" म्हणणार, वर लिमलेटची गोळी देणार. जिंकणार कृष्णात, पण ते जिंकणं भिंतीवरनं आलेलं असणार, रश्शाच्या वाटीसारखं.

"ह्याची भीक नको," कृष्णात मॉनिटरला म्हणाला.

त्यानं त्या दोन ओळी खोडल्या. मग वरच्याही खोडल्या, ज्यांनी कंस खाली यायचा. नवीन लिहिलं: जिथं उघडा कंस खाली दिसेल तिथनं उचलायचा आणि वरच्या ओळीच्या शेवटाला लावायचा. कुणाला सवलत नाही. एंटर दाबलं आणि आपल्याच जुन्या फाईलींतले कंस एकेक करून वर चढताना बघत बसला. अठ्ठ्याण्णवच्या गणितावरनं उतरलेली फाईल शेवटी आली. तिचे उंबरे गेले तेव्हा त्याला जरा कसंतरी झालं, दात काढल्यावर जीभ त्या जागी जाते तसं. मग तो मॅडमच्या केबिनीत गेला आणि म्हणाला, "कंस वर घेतले, मॅडम. समद्यांचे. सूटबीट काय न्हाय. आन् संग्रामनं मला आधीच सांगितलं हुतं. मीच ऐकलो न्हाय."

मॅडमनी चष्म्यावरनं बघितलं. "मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या.

जोतिबाची यात्रा झाली. गुलालानं अजून गल्ली गुलाबी होती. आकारामनं रविवारी सकाळी बोर्ड आणला, चौघांनी धरला तरी वाकत होता. संग्राम नको नको म्हणत होता, पण गल्ली ऐकेल होय? पैज म्हणजे पैज. तालमीतली पोरं हलगी घेऊन आली. धोंडुबाई पाट टाकून पुढच्या रांगेत बसली.

कृष्णात शिडीवर चढला. चौकातल्या रिक्षा थांबल्या. दोरी बांधताना बोर्ड वाऱ्यानं फुगला आणि संग्रामचा हत्तीएवढा गाल कृष्णातच्या तोंडावर येऊन आपटला. खालनं शिट्ट्या पडल्या.

"वाचा की वो आता!" ललिता ओरडली. तिच्या हातात मोबाईल होता, फोटो काढायला. कसा काढायचा ते तिला कुणी शिकवलं, हे विचारायची सोय नव्हती.

मजकूर संग्रामनं दिलेला. कृष्णातनं आदल्या दिवशी बघायला मागितला होता, पण आकारामनं दाखवला नव्हता. त्यानं मान तिरकी करून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"कंस... वर गेला! गेलाच! राजारामपुरी ऑफिसात... एकच शिस्त! आमचे मार्गदर्शक... कृष्णातदादा यांनी..."

तो अडखळला.

"मोठ्यानं, दादा!" खालनं पोरं.

"कृष्णातदादा यांनी मोठ्या मनानं..." शेवटचे शब्द तो बोर्डाकडंच पुटपुटला. मोठ्या मनानं! ह्या लेकाला शिव्या द्यायच्या होत्या तर सरळ द्यायच्या. मोठं मन! पाव किलोसुद्धा भरलं नसतं ते मन, आणि ह्यानं बारा फुटाच्या बोर्डावर छापलं. खाली संग्राम उभा होता, चेहऱ्यावर काही चेष्टा नव्हती. तेच तर. चेष्टा असती तर कृष्णातला उत्तर सुचलं असतं.

"ऐकू येईना!" धोंडुबाईनं पाटावरनं हात हलवला. "मोठ्या काय?"

"मोठ्या मनानं!" कृष्णात बोंबलला, एवढ्या जोरात की शिडी हलली. "मोठ्या मनानं कंस वर घेतल्याबद्दल जाहीर आभार! शुभेच्छुक, कृष्णात! हात जोडलेला! तिकिटाएवढा! झालं समाधान?"

हलगी कडाडली. रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवले. कुणीतरी उरलेला गुलाल वर फेकला, तो निम्मा संग्रामच्या फोटोवर आणि निम्मा कृष्णातच्या मिशांवर बसला.

शेवटची गाठ मारायला तो बोर्डाच्या अगदी जवळ गेला, आणि तिथनं त्याला संग्रामचा फोटो पहिल्यांदा नीट दिसला. तो खाली वाकला.

"आकाराम! ह्याचे केस कॉम्प्युटरवर काळे केलास न्हवं?"

"न्हाय वो दादा," आकाराम खालनं ओरडला. "मुळातलेच हायती."

कृष्णातनं गाठ करकचून आवळली.